हातपंपाचा फोटो कुणाकडे आहे का?

स्मरणिका समितीनं ‘आपल्या सोसायटीचा इतिहास’ हा विषय माझ्या गळ्यात घातला, तो मी बँकेत होतो म्हणून. बँकवाल्याकडे तारखा आणि आकडे असणार, असा सगळ्यांचा समज असतो. तारखा आहेतच. नोंदणी कधी झाली, पहिले चेअरमन कोण, मेंटेनन्स किती रुपयांवरून कुठवर गेला, हे सगळं याच अंकात सेक्रेटरींच्या अहवालात आलेलं आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. मी सुरुवात करतोय ती हातपंपापासून.

जुन्या सभासदांना आठवत असेल. पहिली दीड-दोन वर्षं महापालिकेचं नळ कनेक्शन मिळालेलं नव्हतं. गेटमधून आत आलं की उजव्या हाताला बोअरवर हातपंप होता. सकाळी सहालाच तिथं कळश्यांची रांग लागायची. कोण कुठल्या विंगमधलं, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची बदली झाली, हे सगळं त्या रांगेत कळायचं. सोसायटी कागदावर नोंदली गेली निबंधकांच्या कार्यालयात. पण माणसांची एकमेकांशी ओळख झाली ती त्या पंपाजवळ. पोरं दांड्याला लोंबकळायची आणि वॉचमनमामा ओरडायचे.

अंकासाठी जुने फोटो काढायला ऑफिसमधलं कपाट उघडलं. भूमिपूजन, वास्तुशांत, दरवर्षीचा गणपती, हळदीकुंकू, जनरल बॉडी, वृक्षारोपण, असे मिळून चारशेच्या आसपास फोटो निघाले. हातपंपाचा एकही नाही. फक्त एका फोटोत, कुणा पाहुण्यांचं नारळ देऊन स्वागत चाललंय, त्यांच्या खांद्यामागून पंपाचा दांडा वर आलेला दिसतो. पाहुणे कोण, हे आज समितीत कुणालाच सांगता आलं नाही. दांडा मात्र पाहिल्याबरोबर सगळ्यांनी ओळखला.

गेली अकरा वर्षं मी आपल्या आणि शेजारच्या गल्ल्यांतल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचे फोटो काढत फिरतो, हे तुम्हाला माहीत आहे. “काका, आमची बादली राहिली की!” अशी चेष्टाही होते. होऊ दे. पण हे खूळ कुठून आलं, माझ्याआधी असली खुळं कुणी केली आणि त्यातून हाती काय लागतं, ते एकदा सांगावं म्हणून हा लेख.

पितळी टोकन

आमच्या नोकरीच्या काळात चेक काउंटरवर दिला की ग्राहकाला पितळेचं गोल टोकन मिळायचं. त्यावर नंबर ठोकलेला असायचा. कॅशिअर नंबर पुकारायचा, टोकन परत घ्यायचा आणि पैसे द्यायचा. दुपारी हिशेब जुळवताना टोकनंही मोजायची. एक जरी कमी भरलं तरी शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे टेबलाखाली वाकून शोधत बसायचे. वर्षानुवर्षं हाताळून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. संगणक आले, टोकन पद्धत बंद झाली आणि आमच्या शाखेतली टोकनं पोत्यात भरून मोडीत वजनावर गेली. तो विक्रीचा व्हाउचर मीच पास केला होता.

निवृत्तीनंतर नातवानं विचारलं, “आजोबा, टोकन म्हणजे मेट्रोचं असतं तसं का?” दाखवायला फोटो शोधला. बदलीचे निरोप समारंभ, शाखेचा वर्धापनदिन, पुष्पगुच्छ, शाली सगळं होतं. टोकन नव्हतं. ज्या वस्तूला पस्तीस वर्षं रोज हात लागला, तिचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.

याला आमचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. त्याला हिशेबाचं कारण होतं. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या घरातला पहिला कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. त्यात १२० नंबरचा रोल बसायचा आणि एका रोलवर फोटो निघायचे बारा. रोल विकत घ्यायचा, धुवायचे पैसे द्यायचे, प्रिंटचे वेगळे. बारा फोटोंत बारसं, मुंज आणि जोतिबाची यात्रा बसवायची म्हटल्यावर बंबाचा आणि बादलीचा फोटो कोण काढणार? त्यामुळे आपल्या अल्बमांत माणसं सणासुदीच्या कपड्यांत एका ओळीत उभी आहेत. ती रोज ज्यात अंघोळीचं पाणी तापवत होती, ज्यावर वाटण वाटत होती, ते सगळं चौकटीच्या बाहेर राहिलं.

आधीचे वेडे

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे काही राजेरजवाडे नव्हते. चष्म्यांचं दुकान होतं आणि ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता करत. त्यांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, भांडी, कुलपं गोळा केली. अशा सुमारे वीस हजार वस्तू जमल्या. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि पुढं सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. तलवारी सांभाळणारे खूप असतात. पाय घासायची वज्री सांभाळण्यासारखी आहे, असं वाटणारा माणूस विरळा.

वस्तू गोळा करायला जागा लागते. ज्याला जागा नाही त्याला शब्द आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी सरकारी नोकरीत राहून खेड्यातला व्यवहार बारकाईनं पाहिला आणि १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिलं. कोणत्या बलुतेदाराचं काम काय, त्याला मोबदला काय आणि कसा, हे त्यात आहे. त्या वेळी हे सगळं डोळ्यांसमोर होतं, लिहून ठेवण्यासारखं त्यात काय, असंच लोकांना वाटलं असणार. आज ती व्यवस्था उरली नाही. ती समजून घ्यायची तर त्या पुस्तकाकडे जावं लागतं.

आणि तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा. पॅरिसमध्ये युजीन आत्जे (१८५७–१९२७) नावाचा फोटोग्राफर होता. जुनं पॅरिस पाडलं जात होतं तेव्हा हा गृहस्थ जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन पहाटे बाहेर पडायचा आणि दाराच्या कड्या, जिन्याचे कठडे, दुकानांच्या खिडक्या, अंगणं यांचे फोटो काढायचा. त्याला तो कला म्हणत नसे, कागदपत्रं म्हणायचा. १९२० साली त्यानं अडीच हजारांवर निगेटिव्ह फ्रान्सच्या सरकारला विकल्या. ‘कागदपत्रं’ हा त्याचा शब्द वाचला तेव्हा मला हा माणूस आपल्याच खात्यातला वाटला.

कॅमेऱ्याचा विषय निघाल्यावर कोल्हापूर सोडून लांब जायची गरज नाही. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू, जग त्यांना पेंटर म्हणून ओळखतं. सिनेमाचा कॅमेरा परदेशातून आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो इथंच घडवायचा ध्यास त्यांनी घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. खरी कॉर्नरला जो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तो त्याचीच आठवण. त्याच बाबूरावांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या चित्रपटांच्या काळात कर्जात बुडालेला शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. अंधुक उजेडातली साधी झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं, हे त्यातलं दृश्य पाहणाऱ्यांनी जन्मभर लक्षात ठेवलं. साध्या घराकडे कॅमेरा वळवायची सवय या गावाला शंभर वर्षांपूर्वीच लागली होती म्हणायची. दुःख एवढंच, की तो मूळ मूकपट आज पाहायला मिळत नाही.

आपल्या सोसायटीपासून सकाळच्या फिरण्याच्या अंतरावर टाउन हॉलचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीनंतर पुन्हा किती जण आत गेलो? पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेवतेची छोटी रोमन मूर्ती प्रसिद्ध आहे, पाहुण्यांना तीच दाखवतात. पण सातवाहनांच्या काळात इथली माणसं कशी राहत होती, हे कळतं ते फुटक्या खापरांवरून, मण्यांवरून आणि बांगड्यांच्या तुकड्यांवरून. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गृहिणीनं फुटलं म्हणून टाकून दिलेलं मडकं आज काचेच्या कपाटात आहे आणि आपण तिकीट काढून बघतो.

माझं रजिस्टर

मी काही केळकर नाही. दोन बेडरूमच्या घरात अडकित्ते ठेवायला जागा नाही. म्हणून फोन आणि एक मोठं रजिस्टर, एवढंच भांडवल. फोटो काढणं आता फुकट झालं आहे, पण त्यात नवी अडचण आहे. प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि एकाचीही नोंद नाही. व्हाउचर नसलेली कॅश जशी, तसा नोंद नसलेला फोटो. दहा वर्षांनी तो कशाचा, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

माझ्या रजिस्टरला सात रकाने आहेत: अनुक्रमांक, तारीख, वस्तूचं नाव, घरात तिला काय म्हणतात, कुठून व कितीला आणली, कोण वापरतं, आणि माहिती कुणी दिली. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो घेतो, म्हणजे आकार कळतो. विचारल्याशिवाय कुणाच्या घरातलं काही टिपत नाही आणि माणसाचा चेहरा घेत नाही. आजवर ११४६ नोंदी झाल्या आहेत.

यातला चौथा रकाना सगळ्यात मोलाचा निघाला. कोल्हापुरी चप्पल घ्या. दाराबाहेर ती कायम पडलेली असते. पण तिच्या भागांची नावं आपल्यातल्या किती जणांना सांगता येतील? कान, पट्टा, अंगठा, वेणी, गोंडा, ही नावं मला पलीकडच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या कारागिरानं सांगितली. त्याच्या आरीचा आणि रापीचा फोटो घेतला तेव्हा तो हसला. म्हणाला, “मालाचा फोटू सगळी काढत्यात, हत्याराचा तुमीच पयले.” २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा केवढा गदारोळ झाला! कंपनीला मागाहून मूळ कुठलं ते मान्य करावं लागलं. आपल्या चपलेला भौगोलिक मानांकन होतं म्हणून बोलायला कागद तरी हातात होता.

भांडी हा तर स्वतंत्र खजिना आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. आपल्या सोसायटीतल्या घराघरांतले तांबे, कळश्या, परातींवरची नावं मी उतरवून घेतली. त्यावरून कुणाचं माहेर गारगोटीचं, कुणाचं निपाणीचं, कुणाच्या लग्नात तालमीतल्या मित्रांनी वर्गणी काढून घंगाळ दिलं, हे समजलं. एका वहिनींना आपल्या सासूबाईंचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. ते पाण्याच्या पिंपामागं उपड्या पडलेल्या तांब्यावर सापडलं. मोडीच्या दुकानात भांडं देताना दुकानदार फक्त वजन बघतो, तेव्हा नाव आपण वाचून घ्यायचं.

पेटी आणि वही

आता माझ्या चुकीची नोंद. जमेबरोबर नावेही लिहावं लागतं.

ए विंगच्या तळमजल्यावर एक आजी होत्या. त्यांच्याकडे शिसवी पेटी होती, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, दर्शनी भागात मोठी कडी. २०१७ मध्ये मी तिचे चार फोटो घेतले. पुढून, बाजूनं, कडीचा जवळून. रजिस्टरमध्ये लांबी-रुंदीसह नोंद केली. आजींनी चहा पाजला. आत काय आहे, हे मी विचारलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या दहा फुटांहून अधिक वर गेलं. आपल्या रमणमळ्याच्या बाजूला काय झालं, ते नव्यानं सांगायला नको. तळमजल्यावरच्या चारही घरांत पाणी चार दिवस होतं. उतरल्यावर पंचनाम्यासाठी यादी करायची वेळ आली, तेव्हा माझ्या फोटोंचा उपयोग झाला. चिखलाच्या ढिगाकडे बघून कुणाला काही आठवत नव्हतं. फोटो बघून एकेक वस्तू आठवत गेली. त्या दिवसापासून चेष्टा थोडी कमी झाली.

पेटी फुगून बसली होती. झाकण निघेना. सुताराला बोलावून ती फोडली. आत जुनी लुगडी होती आणि एक वही. आजींनी सासूबाईंकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तरुणपणी त्यात लिहून घेतल्या होत्या. शाई पसरून वहीचा निळा लगदा झाला होता. आजी रडल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पेटीचा फोटू काढलासा न्हवं? मग वहीचा बी असंल की तुमच्याकडं.”

नव्हता. पेटीच्या कडीचा जवळून घेतलेला फोटो होता; वहीचा नव्हता. नंतर त्यांच्या नातीनं त्यांच्याजवळ बसून आठवतील तेवढ्या ओव्या लिहून घेतल्या. एकोणीस भरल्या. वहीत शंभरावर होत्या, असं आजी म्हणायच्या. आज आजीही नाहीत. तेव्हापासून कुणाच्या घरी गेलो की पेटी, डबा, कपाट काहीही असो, “आत काय ठेवता?” हा प्रश्न मी आधी विचारतो. रजिस्टरचा आठवा रकाना तेव्हा आखला.

एवढं होऊनही शहाणपण पुरतं आलं नव्हतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून पुरं केलेलं ते पॅलेस थिएटर, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रात्री झोप लागली नाही म्हणून फोन उघडून बसलो. त्या नाट्यगृहात मी पन्नास वर्षं नाटकं पाहिली. फोनमध्ये सापडले ते मध्यंतरातले मित्रांबरोबरचे फोटो. ज्या खुर्चीवर बसलो तिचा, आत जायच्या दाराचा, मध्यंतरात ज्या कठड्याला टेकून चहा प्यायलो त्याचा एकही नाही. गल्लीतल्या बादल्यांची नोंद करणाऱ्या मला वाटलं होतं, ते काय, कायमचंच आहे.

खांबावरची रेघ

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा अडचणीचा आहे.

पार्किंगमधल्या तिसऱ्या खांबावर दोन रेघा आहेत. २०१९ च्या पुराची हिरवी आणि तिच्या वर चार बोटांवर २०२१ ची लाल. दोन्ही वॉचमनमामांनी उरलेल्या ऑइलपेंटनं मारल्या आणि शेजारी साल लिहिलं. रौप्यमहोत्सवासाठी सगळ्या इमारतीला रंग द्यायचा ठराव झाला आहे, त्यात हा खांबही येतो. रेघा ठेवाव्यात असं मी म्हटल्यावर काही सभासदांनी हरकत घेतली. गिऱ्हाईक फ्लॅट बघायला येतं आणि पहिली नजर त्या रेघेवर पडते, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. घर विकून मुलांच्या शिक्षणाची सोय करायची असेल, तर भाव पडणं परवडत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित हेच म्हणालो असतो.

पण मी कर्ज मंजूर करण्यासाठी शेकडो घरं पाहिली आहेत. कागदावर सगळी कोरडीच असतात. आपल्याकडे नवीन राहायला येणाऱ्याला जुलै-ऑगस्टमध्ये बंधाऱ्याची पातळी कळली की स्कूटर कधी हलवायची, धान्याचे डबे किती उंचीवर ठेवायचे, हे त्या खांबाइतकं स्पष्ट दुसरं कोण सांगणार? त्या रेघांचा फोटो माझ्याकडे आहे, नोंद क्रमांक ८१२. पण फोटो माझ्या रजिस्टरमध्ये राहील आणि पाणी खांबाजवळ येईल. म्हणून विनंती एवढीच, की रंगाऱ्याला सांगून खांबाची वीतभर रुंदीची पट्टी तेवढी कोरी ठेवावी. येत्या जनरल बॉडीत हा विषय आहे. जो निर्णय होईल तो मला मान्य आहे, पण निर्णय घेण्याआधी प्रत्येकानं एकदा त्या खांबापाशी जाऊन उभं राहावं आणि लाल रेघ आपल्या कुठवर येते ते पाहावं. माझ्या छातीला लागते. नातीच्या डोक्यावरून जाते.

दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी टेरेसवर असतो, तिथं उजेड चांगला असतो. प्रत्येक घरानं एक वस्तू आणावी. किमती नको, रोजची आणा. चटणीचं डबडं, किसणी, इस्त्री, अभ्यासाचा दिवा, पोरांची सायकल, काहीही चालेल. येताना तिच्याबद्दल घरातल्या मोठ्या माणसाला चार गोष्टी विचारून या. रजिस्टर आता दोन तरुण सभासदांच्या हाती सोपवायचं ठरवलं आहे, त्याची एक प्रत सोसायटीच्या कपाटात राहील.

आणि मूळ काम राहिलंच. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये पाहा. २००० ते २००२ मधला, गेटजवळ काढलेला कोणताही फोटो चालेल. पुढं कोण उभं आहे ते महत्त्वाचं नाही, मागं उजव्या बाजूला नीट बघा. हातपंप दिसला तर मला हाक मारा.